आप्पांची अंघोळ

कांदा काढणीला आला की पिंपरी पेंढारच्या शिवारात माणूस सोन्याच्या मोलाचं होतं. त्या साली तर अख्ख्या गावाचा कांदा एकदमच पिकला. पाती माना टाकून वाफ्यात आडव्या झाल्या, आणि डोंगराकडून दरसाल येणारी मजुरांची टोळी राजुरीच्या बागायतदारांनी आधीच धरून ठेवलेली. ओढ्याकाठच्या रत्नानं मग कुणाची वाट बघितली नाही. दिवस वर यायच्या आत भाकरी थापून, डोक्याला फडकं गुंडाळून ती वाफ्यात बसली. उपटायचा, माती झटकायची, ओळीनं टाकायचा, आणि एकाची पात दुसऱ्याच्या अंगावर पांघरायची, म्हणजे कांदा उन्हानं भाजत नाही. बसून बसून मांड्या भरून आल्या की ती गुडघ्यावर यायची, गुडघे सोलले की पुन्हा उकिडवी.

ऊन चांगलं तापल्यावर बांधावरून तिचा नवरा आला. शांतवन उंच आणि हडकुळा, चालताना थोडा वाकलेला. हौदावर हात धुऊन तो तिच्या शेजारच्या वाफ्यात बसला. धुतले तरी हातांना डेटॉलचा वास होताच.

"झाली का सायबाची अंघोळ?" रत्नानं मान वर न करता विचारलं.

"झाली."

"तेल लावलं?"

"लावलं."

"केस इंचरले? पावडर लावली? गोड पापा घेतला?"

शांतवन हसला. त्याचं हे हसणंच तिला सोसायचं नाही. भांडायला गेलं तर समोरच्यानं निदान भांडावं तरी.

हौशीराम आप्पांना संक्रांतीच्या सुमारास अर्धांगाचा झटका आला होता. गावातलं जुनं, जमीनजुमल्याचं घर. ऊस, कांदा, गोठ्यात जर्सी गाई. आप्पांचा शब्द गावात खाली पडत नसे. आता अर्धं अंग लाकडासारखं झालं होतं, तोंड वाकडं, शब्द लाळेतून बाहेर पडायचे. मुलगा दादाभाऊ, त्याचं आळेफाट्याला खतांचं दुकान. त्याला बापाच्या खोलीत पाय ठेवला की मळमळायचं. नारायणगावाहून पगारी माणसं आणली, पण आप्पा चांगल्या हातानं फटके मारायचे, थुंकायचे. एकेक जण पळून गेला. म्हातारी झुंबरबाई गुडघ्यांनी अधू, आणि सून नूतन सासऱ्याच्या अंगाला हात कसा लावणार?

शांतवन एक दिवस आजारी माणसाला भेटायला जातात तसा गेला. परत आला तो दुपार करून, बाह्या दुमडलेल्या, सदरा भिजलेला. तेव्हापासून रोज सकाळी जात होता. वाड्याच्या दारानं नव्हे, गोठ्याच्या बाजूनं.

गावात त्याचं कौतुक करणारेही होते. रत्नाला मात्र दुसरंच आठवायचं.

तिचे सासरे, शमुवेलबाबा, भर श्रावणात वारले होते. ओढ्याकाठच्या ख्रिस्ती घरांचं कबरस्थान ओढ्यापलीकडच्या माळावर. तिथं जायची वाट आप्पांच्या बांधावरून. पेटी खांद्यावर घेऊन माणसं निघाली तर आप्पा छत्री घेऊन बांधावर उभे. "माझ्या पिकातनं मढं जायचं न्हाई." चर्चच्या पाळकसाहेबांनी हात जोडले, शांतवननं पाय धरले. आप्पांनी छत्री या हातातून त्या हातात घेतली, एवढंच. शेवटी पेटी ओढ्यातून नेली. पाणी कमरेला लागत होतं. मधोमध एकाचा पाय घसरला आणि पेटीचं एक टोक पाण्यात बुडालं. काठावर उभ्या असलेल्या रत्नानं ते बघितलं. पाणी लाकडाच्या फटीतून आत जाताना तिला दिसलं नव्हतं, पण तिला ते अजून दिसायचं.

"तुमी पाय धुता त्या माणसाचे," ती कांद्याची माती जोरात आपटत म्हणाली, "आन् कांदा मी उपटते. गाव म्हणतंय शांतवन लई देवमाणूस. माझे गुडघे कुणी बघतंय का?"

"बरोबर हाय तुझं."

"बरोबर हाय म्हणू नका! बोला की कायतरी. देवानं सांगितलंय म्हणून जाता का गावानं चांगलं म्हणावं म्हणून?"

शांतवननं उपटलेले कांदे ओळीनं लावले. मग म्हणाला, "पयल्या दिवशी वासामुळं ऱ्हायलो. दार उघडलं आन् त्यो वास आला. पाठ चिघळलेली. माशा. म्हातारं डोळं मिटून पडलेलं. मला त्या वासात उभं ऱ्हाता येईना आन् निघूनबी जाता येईना. मंग पाणी तापवायला सांगितलं." कांद्याची माती झटकत म्हणाला, "देवाचं म्हणशील तर, आजारी माणसाकडं गेलं म्हंजी कुणाकडं गेल्यासारखं असतं ते तुलाबी ठावं हाय. लहानपणापासनं ऐकत आलीयेस."

रत्नाला ठाऊक होतं, आजाऱ्याकडं गेलं ते येशूकडं गेल्यासारखं. तिचं माहेर संगमनेरकडचं, बाप चर्चमध्ये घंटा वाजवायचा. तिला सगळं पाठ होतं. संध्याकाळच्या प्रार्थनेत अपराध्यांना क्षमा करण्याची ओळ आली की तिचा आवाज आपोआप खाली जायचा आणि पुढच्या ओळीला पुन्हा वर यायचा, हेही तिला ठाऊक होतं.

दूध घालायला ती डेअरीवर गेली की भगवंत, मापाडी, मुद्दाम मोठ्यानं विचारायचा, "काय वहिनी, झाला का आप्पा तुमच्यात सामील? कव्हा पाण्यात बुडवून बाटवताय?" रांगेतली माणसं हसायची. वाईट मनानं हसायची असं नाही, पण हसायची. रत्ना किटली पुढं करायची आणि म्हणायची, "फॅट बघा आधी." घरी येईपर्यंत तिचे कान तापलेले असायचे.

हे बोलणं दादाभाऊच्या कानावरही गेलं असणार. एका दुपारी त्याची मोटरसायकल बांधाला येऊन थांबली. गाडी बंद न करताच तो उभा राहिला.

"शांतवनभाऊ, राग मानू नका. लोक कायबाय बोलत्यात. तुमी तिथं काय प्रार्थना बिर्थना..."

"मी अंघोळ घालतो, दादाभाऊ," शांतवन म्हणाला. "प्रार्थना घरी करतो."

"ते मला ठावं हाय हो. पण भावकी लई वंगाळ हाय आमची. पुण्याच्या एजन्सीतनं मानूस ठरवलाय. शिकलेला हाय. उद्यापासनं तो येईल." दादाभाऊनं कपाळाचा घाम पुसला. "तुमी लई केलं."

शांतवन उठून उभा राहिला. "चांगलं झालं की. त्याला सांगा, डाव्या अंगावर वळवायचं, उजवा खांदा दुखतो त्यांचा. आन् चहा गुळाचा द्यायचा. साखरेचा दिला तर थुकत्यात."

दादाभाऊनं मान हलवली आणि धूळ उडवत तो गेला. रत्नानं विळा खाली ठेवला. तिला वाटलं होतं, हे ऐकून आपल्याला हायसं वाटेल. नवरा गोठ्याच्या दारानं आत जायचा, आणि आता गोठ्याच्याच दारानं त्याला बाहेर काढलं.  त्या दिवशी तिनं कालवणात चमचाभर जास्त तेल घातलं.

पुढचे काही दिवस दोघं मिळून कामाला लागली. कांदा भराभर निघाला. पात कापून झाली, ढीग पडले. वारं पडलं की दोघं बाभळीखाली भाकरी सोडायची. मुलगी करुणा पुण्याला नर्सिंगला होती, तिचा फोन आला की शांतवन स्पीकर लावायचा आणि दोघं एकदम बोलायची. रत्नाला असं सुख बऱ्याच दिवसांत लाभलं नव्हतं. पण मधेच तिची नजर नवऱ्याकडं जायची. तो कांदा हातात धरून आप्पांच्या घराच्या दिशेनं बघत असायचा, जणू काही विसरून आल्यासारखा.

कांदा साठवणीच्या बराखीत भरायला घेतला आणि नको ते झालं. भरलेलं पोतं पाठीवर घेऊन वळताना शांतवनच्या कमरेत उसण भरली. पोतं पडलं, तो त्याच्यावर पडला. रत्नानं कसंबसं त्याला घरात आणलं. कुशीवर वळायचं म्हटलं तरी तो ओरडायचा. तिनं वीट भाजून फडक्यात बांधली आणि कंबर शेकत बसली.

"आता कळंल आप्पांना कसं वाटतं ते," ती म्हणाली.

"कळलंच," तो दात आवळून म्हणाला, आणि दोघंही हसली.

दुसऱ्या दिवशी सकाळी अंगणात पावलं वाजली. नूतन होती, दादाभाऊची बायको. इतक्या वर्षांत ती या वस्तीवर कधी आली नव्हती. डोक्यावरचा पदर हातानं घट्ट धरून ती दारातच उभी राहिली.

"रत्नाताई, भाऊ हायेत का?"

"हायेत. पडलेत. उसण भरलीया."

नूतनचा चेहरा उतरला. पुण्याचा माणूस दोन दिवसांतच निघून गेला होता. आप्पांनी दातखीळ बसवली होती, घास घेत नव्हते, कुणाला अंगाला हात लावू देत नव्हते. दादाभाऊ दुकानात जाऊन बसतो. त्याला शांतवनला परत बोलवायची लाज वाटते. "ह्यांना न सांगता आलेय मी," ती म्हणाली. "आत्या रडत्यात नुसत्या."

आत शांतवन उठायची धडपड करत होता. खाट करकरली आणि तो विव्हळला.

"पडा गुमान!" रत्ना आत बघून ओरडली. मग ती नूतनकडं वळली, तिला पाणी द्यायला म्हणून पुढं झाली, आणि तेव्हा तिला वास आला. नूतनच्या पदराला होता, केसांना होता. लघवीचा, पुवाचा, बंद खोलीचा. ही पोर रोज त्या घरात भाकरी करते, जेवते, झोपते. रत्ना तांब्या हातात घेऊन तशीच उभी राहिली. तिला नवऱ्याचं बोलणं आठवलं आणि रागही आला, की हे आता माझ्या दारात आलं.

"चल," ती म्हणाली. "मी येते."

"तुमी?"

"दुसरं कोण दिसतंय का हितं?"

वाटेत नूतन गोठ्याकडं वळायला लागली. रत्ना सरळ पुढच्या ओट्याच्या पायऱ्या चढली. झुंबरबाई उंबऱ्याशी बसली होती. तिनं मान वर केली.

"शांतवन कुठाय?"

"त्यांना उसण भरलीया, मावशी. मी करते आज."

"अगं, बाईमानूस तू."

"तुमीबी बाईमानूसच हाये."

"त्यांना लाज वाटंल."

"वाटू द्या. लाज वाटली म्हंजी मानूस जिता हाय."

खोलीची खिडकी लावलेली होती. रत्नानं आधी ती उघडली. पदर नाकाला लावावासा वाटला, पण पदराला दुसरं काम होतं, तो तिनं कमरेला खोचला. खाटेवरचं माणूस तिला ओळखू आलं नाही. छत्री घेऊन बांधावर उभा असलेला धिप्पाड गडी तिच्या मनात होता. इथं कातडीत गुंडाळलेली हाडं होती आणि पांढरी वाढलेली दाढी.

"आप्पा, मी शांतवनची रत्ना. अंघोळ घालायची हाय."

आप्पांनी डोळे उघडले, तिला बघितलं, आणि चांगल्या हातानं तोंड झाकलं. ती जवळ आली तसा तो हात फिरला. "ज्जा!" रत्नानं मनगट हवेतच धरलं. पाचटासारखं हलकं होतं. तिनं ते हळूच छातीवर ठेवलं.

"मारायचं तर मंग मारा. आधी अंघोळ, पाणी गार व्हईल."

नूतननं गरम पाण्याची बादली आणली. खाली मेणकापड सरकवताना दोघींना आप्पांना एका अंगावर करावं लागलं. डाव्या. पाठीची जखम बरीच भरत आली होती, पण या दिवसांत पुन्हा तोंड आलं होतं तिला. रत्नानं फडकं पिळलं. मानेपासून सुरुवात केली. मानेच्या घड्या, काखा, बरगड्या. आप्पा डोळे घट्ट मिटून होते. पोटाखाली आल्यावर तिनं वर चादर टाकली आणि चादरीखालून हात घालून पुसलं, जसं लेकराचं करतात, बोलत बोलत, भलतंच काहीतरी, की यंदा कांद्याला माना चांगल्या बारीक आल्यात, की डेअरीवाला भगवंत पाणी जास्त सांगतो. नूतननं तोंड फिरवून हसू दाबलं.

मग ती पायांकडं आली. टाचा फुटलेल्या होत्या, भेगांत काळी माती अजून बसलेली. एवढे दिवस अंथरुणावर, तरी बांधाची माती टाचेत. रत्नानं एक पाय मांडीवर घेतला आणि भेगा चोळायला लागली. हेच पाय तेव्हा बांधावर रोवलेले होते. तिचा हात थांबला. पाणी तिच्या बोटांवरून खाली मेणकापडावर ठिबकत होतं.

"आप्पा," ती म्हणाली. तिचा आवाज तिच्या वाटण्यापेक्षा शांत निघाला. "आमच्या मामांची, शमुवेलबाबांची, पेटी तुमी ओढ्यातनं न्यायला लावली. पाण्यात बुडाली ती. ध्यानात हाय का तुमच्या?"

नूतनच्या हातातला तांब्या बादलीच्या काठाला वाजला. दारात झुंबरबाई येऊन उभी होती, ती चौकटीला धरून खाली बसली. आप्पांनी डोळे उघडले. वाकड्या तोंडातून लाळ ओघळली. ते वर आढ्याकडं बघत होते. बाहेर गाय हंबरली, गप्प झाली. रत्नानं पाय सोडला नव्हता.

"व्हय," आप्पा म्हणाले.

एवढंच. पण स्पष्ट.

"बरं," रत्ना म्हणाली. "आता दुसरा पाय द्या."

तिनं दुसऱ्या टाचेच्याही भेगा घासल्या, दोन्ही पाय कोरडे केले, खोबरेल चोळलं. नूतननं गुळाचा चहा आणला, आणि रत्नानं चमच्यानं तो पाजला. आप्पांनी सगळा प्यायला. भाकरी दुधात कुस्करून दिली, तीही खाल्ली. निघताना झुंबरबाईनं तिचं मनगट धरलं.

"मी तवा आत चुलीपाशी व्हते गं," म्हातारी म्हणाली. "तुमच्या मानसांचा आवाज येत व्हता. मी भाहेर आले न्हाई."

 रत्नानं म्हातारीच्या हातावर आपला हात ठेवला, आणि थोड्या वेळानं दोघींनी आपापले हात काढून घेतले.

घरी शांतवन वाट बघत पडला होता. "केलं?"

"केलं. पाठीला पुन्हा लाल झालंय. मलम लागंल." तिनं चूळ भरली, हात धुतले, चुलीपाशी बसली. "मी इचारलं त्यांना. मामांच्या पेटीचं."

तिनं चुलीत काटकी सारली.

"ध्यानात हाय म्हणाले. व्हय म्हणाले."

तिनं वळून बघितलं. शांतवननं तोंड भिंतीकडं केलं होतं. कमरेत कळ येत असूनही त्याचे खांदे हलत होते. रत्ना चुलीवरचं तसंच सोडून उठली आणि खाटेवर त्याच्या पाठीशी बसली.

"रोज अंघोळ घालायचो," तो भिंतीला सांगितल्यासारखं म्हणाला. "रोज तोंडापर्यंत यायचं. एकदाबी इचारायचं धाडस नाय झालं."

तिला वाटायचं, या माणसाला काही लागतच नाही. सगळं देवावर टाकून मोकळा होतो आणि उरलेलं ओझं माझ्या डोक्यावर. तिनं त्याच्या पाठीवर हात फिरवला, जिथं उसण होती तिथं, आणि मग वर, मानेपर्यंत.

"उद्यापासनं मीच जाते," ती म्हणाली. "तुमचं बरं झालं की एक दिस तुमी, एक दिस मी."

"आन् कांदा?"

"कांदाबी तसाच. एक दिस तुमी, एक दिस मी." मग तिला हसू आलं. "न्हाई, कांदा दोघं मिळून."

आणि तसंच झालं. ती रोज ओट्याच्या पायऱ्या चढून जाऊ लागली. आप्पांनी एकदा दोनदा फटका मारला, मग सोडून दिलं. पाणी कमी तापलं असलं की तक्रार करायचे, दाढी राहिली की गालावर बोट ठेवून दाखवायचे. डेअरीवर भगवंतनं पुन्हा तोच विनोद केला तेव्हा रांगेतली एक म्हातारी त्याला म्हणाली, "तुझ्या बापाला कोण धुतंय रं?" भगवंतनं फॅट बघितलं आणि पावती फाडून दिली.

एकदा रत्ना आप्पांच्या पाठीला मलम लावत असताना दादाभाऊ दारात आला. तिला बघून जागीच थबकला, गाडीची किल्ली बोटात फिरवत. रत्नानं त्याच्याकडं न बघता घाण पाण्याची बादली पायानं पुढं सरकवली.

"दादाभाऊ, एवढं पाणी बदलून आणा."

त्यानं बादलीकडं बघितलं. चेहरा कसनुसा झाला. मग किल्ली खिशात टाकून त्यानं बादली उचलली, आणि नूतन म्हणते, मोरीपाशी ओकारी आली तरी स्वच्छ पाणी घेऊनच परत आला. दुसऱ्या दिवशी दुकानात जायच्या आधी तो आपणहून बादली भरून ठेवून गेला.

ईस्टरच्या रविवारी पहाटेच्या भक्तीला रत्ना आणि शांतवन जुन्नरला गेली. शांतवनला आता चालता येत होतं, फक्त वजन उचलायची मनाई होती. पांढऱ्या साडीत, मोगऱ्याचा गजरा घालून रत्ना मनसोक्त गायली. परत येताना एसटीतून उतरून दोघं सरळ आप्पांच्या घरी वळली.

"आज कशाला आलीस गं?" झुंबरबाई ओट्यावरून म्हणाली. "तुमचा सण हाय ना आज? नूतन म्हणत व्हती."

"सणाच्या दिशी मानसं अंघोळ करत न्हाईत का, मावशी?"

दादाभाऊ घरीच होता, रविवार म्हणून. पाणी तापलेलं होतं. शांतवननं दाढी केली, रत्नानं पाठ पुसली, नूतननं धुतलेला सदरा आणला. झुंबरबाई खाटेच्या पायथ्याशी बसून सगळं बघत होती. रत्नाचा गजरा, पांढरी साडी बघत होती. मग तिनं विचारलं, "कशाचा सण असतो गं ह्यो? म्हंजी, काय झालेलं त्या दिशी?"

गावात लग्न होऊन आल्यापासून रत्नाला हे कुणी विचारलं नव्हतं. चर्चमधले मोठे मोठे शब्द तिच्या डोक्यात आले. त्यातला एकही या खोलीत बसेना.

"मेलेलं मानूस उठलं, मावशी," ती म्हणाली. "मारलेलं, पुरलेलं. तिसऱ्या दिशी उठलं. त्याचा सण."

झुंबरबाईनं मान हलवली, नीट कळल्यासारखी, नीट न कळल्यासारखी. तेवढ्यात खाटेवरून आवाज आला.

"मलाबी उठवा."

सगळे आप्पांकडं बघू लागले. आणि शांतवनला एकदम हसू फुटलं. मग नूतनला, मग म्हातारीलाही. रत्ना तोंडावर ओला हात ठेवून हसत राहिली. आप्पाही अर्ध्या तोंडानं हसल्यासारखे दिसले. पण चांगला हात त्यांनी वर केलेला होता आणि बोट दाराकडं होतं. बाहेर, ओट्यापलीकडं, अंगणाकडं.

"भाहेर न्यायचं म्हणत्यात," नूतन म्हणाली.

संक्रांतीपासून त्यांनी आभाळ बघितलं नव्हतं. नूतननं पळत जाऊन हातांची खुर्ची अंगणात मांडली, वर गोधडी घातली. शांतवन सवयीनं वाकला, तशी रत्नानं त्याला कोपरानं मागं ढकललं. "तुमी न्हाई. कंबर." आणि ती दादाभाऊकडं बघायला लागली.

दादाभाऊनं सदऱ्याला हात पुसले. एक हात बापाच्या पाठीखाली घातला, एक गुडघ्यांखाली. कसं धरायचं ते त्याला कळेना, तर आप्पांनीच चांगला हात त्याच्या मानेभोवती टाकला. रत्नानं पाय धरले. खोलीतून ओट्यावर, ओट्यावरून पायऱ्या उतरून, हळूहळू, झुंबरबाई मागून "सांभाळून, सांभाळून" म्हणत. दादाभाऊच्या कपाळावरचा घाम बापाच्या ताज्या दाढी केलेल्या गालावर पडत होता. त्यानं मळमळल्याचं तोंड केलं नाही. त्याला ते आठवलंच नसावं.

खुर्चीत बसवल्यावर आप्पांची मान थोडी लटपटली, मग ठरली. समोर त्यांचं शिवार होतं, उसाची हिरवी भिंत, पलीकडं ओढा, त्याच्याही पलीकडं कबरस्थानाचा माळ. सकाळचं ऊन सरळ तोंडावर आलं. त्यांनी डोळे बारीक केले आणि तसेच राहिले.

"ऊन लागतंय का आप्पा?" दादाभाऊनं वाकून विचारलं. "आत घेऊ का?"

"ऱ्हाऊ दे," आप्पा म्हणाले.